थकलेल्या भाड्याचे सल्ले आम्हालाच का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ट्रकमालकांच्या थकलेल्या भाड्यांविषयीचा कालच्या अंकातील लेख वाचला. विषयाला जागा दिल्याबद्दल आभारी आहे. मात्र ‘कागदपत्रे जपून ठेवा आणि व्यवहार लेखी करा’ एवढाच ज्याचा निष्कर्ष निघतो, तो लेख छापण्यापूर्वी नाशिकच्या आडगाव नाक्यावर गाडी लावून मालाच्या भरतीची वाट पाहणाऱ्या कोणालाही वाचून दाखवला असता, तर लेखकमहाशयांचे श्रम वाचले असते.

कागद आमच्याकडे असतात. गेल्या पावसाळ्यात अंबड औद्योगिक वसाहतीतून यंत्रांचे सुटे भाग घेऊन मी तमिळनाडूतील होसूरला गेलो, तेव्हा भाड्याचा काही भाग आगाऊ मिळाला होता आणि उरलेली रक्कम ‘पोच आल्यावर लगेच’, म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती परत आल्यावर, देण्याचे दलालाने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिले होते. शनिवारी दुपारी तिथे पोहोचलो, तर माल उतरवून घेणारा माणूस निघून गेलेला. गाडी सोमवारपर्यंत फाटकाबाहेर उभी राहिली. सोमवारी माल उतरला, बिल्टीच्या, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीच्या, मागे सही-शिक्का मिळाला, त्याचा फोटो जागेवरूनच पाठवला आणि मूळ पोच कुरियरने रवाना केली. त्यानंतर दलालांच्या म्हणण्यानुसार प्रथम कुरियरच मिळाले नव्हते. कुरियरची पावती दाखवल्यावर शिक्का पुसट निघाला. कंपनीचे नाव आणि सही स्वच्छ वाचता येत होती, फक्त तारखेवरची शाई जराशी पसरली होती, तेवढे त्यांना पुरले. मग ‘पार्टीकडून पैसे आले नाहीत’ हे पालुपद सुरू झाले. दिवाळी उलटून गेल्यावर एकदाचा हिशेब हाती आला, त्यात दलाली होती, हमाली होती, टीडीएस म्हणजे आधीच कापलेला प्राप्तिकर होता आणि एका पेटीचा कोपरा दबल्याबद्दल कपातही होती. दोन दिवसांच्या हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी अडकून पडल्याच्या भरपाईचा, तेवढा पत्ता नव्हता. पोचेवर नुकसानीचा एका शब्दाचाही शेरा नसताना ही पेटी दबली कुठे, दलालसाहेबांच्या टेबलाखाली? राहिला टीडीएस. दहापर्यंत मालगाड्या असलेल्या वाहतूकदाराने पॅनसह तसे लेखी दिले, की ही कपात करायची नसते. माझे ते पत्र त्यांच्याच फायलीत आहे. कापलेली रक्कम माझ्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या 26एएस विवरणात आजही दिसत नाही, म्हणजे ती सरकारकडे गेली की आणखी कोठे, हे त्यांनाच ठाऊक.

लेखाने टाळलेला खरा प्रश्न असा, की भाडे ठरवताना, बिल्टी फाडताना आणि दलाली कापताना जो व्यवहाराचा धनी असतो, तोच बाकी मागितली की ‘मी फक्त गाडी लावून देणारा’ कसा होतो? रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीचा 2007 चा कायदा 1 मार्च 2011 पासून लागू आहे. त्यातील वाहकाच्या व्याख्येत दलालाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि नोंदणीशिवाय त्याला हा धंदा करता येत नाही. आपल्या लेखात या कायद्याचे नावही नाही. पावत्यांना प्लास्टिकचे पाकीट वापरावे ही सूचना मात्र आहे.

उद्यम नोंदणी असलेल्या माझ्यासारख्या सूक्ष्म व्यावसायिकाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, आणि करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने, आणि तंटा मिटवायला सुविधा परिषद, अशी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यातली तरतूद मी दलालांना नम्रपणे वाचून दाखवली. त्यांनीही तितक्याच नम्रपणे सांगितले, ‘खुशाल अर्ज करा, मग नाशिकात तुमची गाडी कोण भरतो ते बघू.’ ज्याच्या दारात उद्याच्या भरतीसाठी उभे राहायचे, त्याच्यावर कालच्या भाड्याचा दावा लावायचा, ही कसरत कशी करावी, यावर लेखकांनी चार ओळी लिहिल्या असत्या तर उपकार झाले असते. पैसे हातात पडेपर्यंत माल उतरवू नये, असे सुचवणारेही भेटतात. वाहकाने सोपवलेल्या मालाचा अपहार केल्यास भारतीय न्याय संहितेत 7 वर्षांपर्यंत कैद आहे, आणि माल अडवला की हीच भीती आम्हाला घातली जाते. आमचे भाडे बुडाले, तर पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असे ऐकून परत यावे लागते.

नाशिक जिल्ह्यातील किती वाहतूक दलालांनी 2007 च्या कायद्याखाली नोंदणी केली आहे, याची यादी आपल्या प्रतिनिधीने परिवहन विभागाकडून मिळवून छापावी, ही विनंती.

जाता जाता आणखी एक. अंबडमधील ज्या कंपनीत हा माल भरला, तिथे क्रमांक लागेपर्यंत गाडी आत घेत नाहीत आणि बाहेर उभी केली की वाहतूक पोलीस फोटो काढून ई-चलन पाठवतात. दंड गाडीच्या मालकाच्या नावावर येतो, कंपनीच्या नव्हे. तो दंड मी भरला आहे. हिशेबात धरावा म्हणून त्याची पावती दलालांना पाठवली, तेव्हा ती अस्पष्ट असल्याचे त्यांनी कळवले.

आपला,
एक ट्रकमालक, पंचवटी, नाशिक