ताई, मी काय खाते ते एकदा सगळं सांगते

प्रिय ताई,

फोनवर काही बोलायला गेलं की आई मधेच रडायला लागते आणि सगळं अर्धवट राहतं, म्हणून सरळ टाइप करतेय. आईला तूच वाचून दाखव, गाळायचं वाटेल ते गाळ.

पहिलं म्हणजे, स्वादुपिंडाचा कॅन्सर झालाय म्हणून मला "हलकं खा, तेल-तूप सोड" सांगणं आता सगळ्यांनी थांबवा ना प्लीज. इथली डाएटिशियन बरोबर उलटं सांगते. कसं आहे, चरबी पचवायला लायपेज नावाचं जे एन्झाइम लागतं ते स्वादुपिंडातून आतड्यात पुरेसं पोचतच नाही, मग खाल्लेलं न पचता बाहेर, फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं, दोनदा फ्लश केलं तरी जात नाही असं (जेवताना वाचत असशील तर सॉरी). खाऊनही वजन उतरतं ते त्यामुळे. यावर चरबी तोडणं हा उपाय नाहीये, एन्झाइमच्या कॅप्सूल घेणं हा आहे. पहिल्या घासाला सुरू करायची, जेवण लांबलं तर मधे अजून एक, चावायची नाही आणि गरम चहाबरोबर तर नाहीच, जेवण उरकल्यावर आठवली तर फारसा फायदा नाही. मोठ्या जेवणाला साधारण 50,000 युनिट, मधल्या खाण्याला 25,000 पासून सुरुवात करतात, मग पोट काय म्हणतं ते बघून वाढवतात. कपभर दुधालाही लागते. मी पर्समध्ये, उशाशी, कोटाच्या खिशात, सगळीकडे ठेवून दिल्यात.

आणि तो "साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल" वाला मेसेज काकांनी परत पाठवलाय. काका प्रेमाने पाठवतात, कळतं मला, पण शरीर ग्लुकोज कशातूनही बनवतं, उपाशी मीच मरेन. शुगर मी मोजतेच, कारण इन्सुलिनही स्वादुपिंडच बनवतं, पण इथे ती एकदम खाली जायचीही भीती असते. काढे-चूर्णंही नकोत, केमोच्या औषधांशी त्यांचं काय होईल कोण सांगणार.

केमो दर दोन आठवड्यांनी. हॉस्पिटलात काही तास सलाइन आणि मग एक छोटा पंप कमरेच्या पाउचमध्ये घालून घरी पाठवतात, 46 तास तो छातीतल्या पोर्टमधून (कातडीखाली बसवलेली छोटी डबी, तिची नळी रक्तवाहिनीत जाते) औषध सोडत राहतो. त्यातल्या ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे गार वस्तूला हात लावला की बोटांत करंट लागल्यासारखं होतं, फ्रिज उघडायला हातमोजे घालते मी, हसू नकोस! गार पाणी घशाखाली उतरताना घसाच आवळल्यासारखा वाटतो, म्हणून कोमटच पिते. ताप 38 च्या वर गेला तर मात्र रात्री-बेरात्री कधीही त्यांना फोन करायचा, मनाने पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही. पांढऱ्या पेशी कमी असतात आणि पित्तनळी उघडी ठेवायला तिच्यात स्टेंट, म्हणजे छोटी नळी, बसवलाय, तो तुंबला तर इन्फेक्शन फार पटकन चढतं.

आता त्या सीए 19-9 बद्दल, म्हणजे कॅन्सरवर नजर ठेवायला करतात त्या रक्ततपासणीबद्दल. नॉर्मल 37 पर्यंत, हे भाऊजींनी शोधून काढलंय आणि दर वेळी आकडाच विचारतात. अहो भाऊजी, पित्त तुंबलं तरी तो वाढतो, काही लोकांच्या रक्तात तो बनतच नाही. डॉक्टर एका आकड्यावर काही ठरवत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी सीटी काढतात, दोन्ही शेजारी ठेवून बघतात, आणि वजन विचारतात. तुम्हीही वजनच विचारा. सध्या टिकून आहे, मागच्या वेळी थोडं वाढलंय, त्या दिवशी खरंच मस्त वाटलं. सीटीचा निकाल डॉक्टरांशी बोलल्यावर मी स्वतःच कळवेन, त्याच्या आदल्या रात्री कोणी फोन करू नका, मला झोपू दे.

तुझी,
छोटी

ता.क. माझी जेनेटिक टेस्ट झाली, बीआरसीए वगैरे जनुकांत, ज्यांतला दोष घराण्यात उतरू शकतो, काही सापडलं नाही, त्यामुळे तू आणि दादा उगाच घाबरू नका. भाऊजींची सिगारेट मात्र चालू असेल तर त्यांना सांग, या कॅन्सरच्या कारणांत ती आहे, आकडे शोधायचेच असतील तर ते शोधा म्हणावं.