सिस्टर, आईचा पाय भरला

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

परळच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर लालबागची मावशी होती, तिची मी मुलगी. मावशी हे नाव तुम्हीच पाडलंत, मग सगळा वॉर्ड तिला तसंच म्हणू लागला.

लहानपणी स्टोव्ह भडकून आईची नडगी भाजली होती. त्या जुन्या व्रणावर जखम झाली आणि आम्ही आठ महिने नुसती मलमं लावत बसलो. भाजल्याच्या व्रणात इतक्या वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी तो भाग काढून मांडीची पातळ कातडी तिथे लावली. त्यांचे आभार मी समक्ष मानले. तुमचे राहिले.

ऑपरेशनआधीच तुम्ही आईच्या उशीखालची मिश्रीची डबी काढलीत. ओरडला नाहीत. "मावशी, तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. नव्या कातडीला रक्तच पोचणार नाही," एवढंच म्हणालात. वीस वर्षं आम्ही डोकं फोडत होतो, तुमच्या एका वाक्यावर तिने ती सोडली.

नंतरचे पाच दिवस पाय उशीवर, ड्रेसिंग बंद. आई सारखी म्हणायची, उघडून दाखवा. तिचं माहेर कोकणातलं, हे तुम्ही आधीच विचारून ठेवलं होतंत. "लावणी केल्यावर रोप उपटून बघता का, मूळ धरलं की नाही?" पहिले दोन दिवस ती कातडी खालच्या पाझरावरच जगते, मग रक्तवाहिन्या जुळायला लागतात, तेवढ्यात ती जराशी सरकली तरी सगळं तुटतं, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर आईने पाय हलवला नाही.

आणि दुसऱ्या दिवशीची ती संध्याकाळ. पट्टीची एक कड ओली दिसली. तुमची ड्युटी संपली होती, पर्स खांद्याला होती. तरी तुम्ही डॉक्टरांना बोलावलंत आणि खाली साचलेलं रक्त काढून पट्टी पुन्हा दाबून बांधेपर्यंत थांबलात. ते तसंच राहिलं असतं तर तेवढी कातडी उचलली गेली असती. पाचव्या दिवशी पट्टी सुटली तेव्हा सगळं गुलाबी होतं, रुपयाएवढा एक भाग सोडून. तोही पुढे ड्रेसिंगनेच भरला.

खरं दुखणं मांडीचं होतं. रात्री ती कण्हायची तेव्हा तुम्ही सांगितलंत, ही पट्टी ओढू नका, खालून भरलं की आपोआप सुटेल. दोन आठवड्यांनी तसंच झालं.

आता आई रोज खोबरेल तेल लावते, कारण त्या कातडीला स्वतःचा ओलावा नाही. खाटेवरून पाय खाली सोडण्याआधी क्रेप बँडेज बांधते. मंगळवारी चिंचपोकळी स्टेशनपर्यंत चालत जाऊन आली.

कॅन्सर पुढे पसरला नाही ना, हे बघायला पुढच्या महिन्यात जांघेतल्या गाठी तपासायला येऊ. आई तुमच्यासाठी घावणे आणणार आहे. सकाळची ड्युटी असेल तर वॉर्डात निरोप ठेवा, म्हणजे गरम आणता येतील.

आपली,
मावशींची मुलगी