यंदा महालक्ष्म्या वरच्या खोलीत बसवू या

ह्यूस्टन,
24 मे 2025

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा लगेच नवतप्याच्या उन्हावर येतात आणि आई म्हणते, "बघू नं, अजून वेळ आहे." म्हणून पत्र लिहायला बसले. कागद घरात राहतो, चार दिवसांनी पुन्हा काढून वाचता येतो.

मिरग आता पंधरा दिवसांवर आला आहे. इकडे 1 जूनला हरिकेनचा, म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या मोठ्या वादळांचा, हंगाम सुरू होतो तो थेट 30 नोव्हेंबरपर्यंत. म्हणजे मला तुमची आणि आमची काळजी एकाच वेळी लागते. तुमच्याकडे एकच गोष्ट मागते. पाऊस लागायच्या आत वरची खोली राहण्याजोगी करा, आणि ज्या दिवशी हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या रात्री वरच झोपा. पाणी येवो न येवो.

23 सप्टेंबर 2023 च्या त्या रात्री नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. इथे शुक्रवारची दुपार होती आणि फोनवर मला आपली बैठकीची खोली दिसत होती. मखरात महालक्ष्म्या उभ्या, वर फुलोरा टांगलेला, आणि सतरंजीच्या कडेने पाणी आत येत होतं. पूजन झालं होतं, विसर्जन सकाळी व्हायचं होतं. आई म्हणत होती, विसर्जनाआधी त्यांना हलवू कशी? बाबा स्टुलावर चढून पुस्तकं वरच्या फळीवर टाकत होते. पाणी पलंगाला लागलं तेव्हा कुठे तुम्ही जिना चढलात, अंधारात, बाबांचे गुडघे असे, आणि शेजारच्या काकूंना दोघांच्या मधे धरून.

आई, तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. घरात महालक्ष्म्या बसलेल्या असताना त्यांना खाली सोडून बाईचा पाय वर निघत नाही, हे मला कळतं. मी तुझ्याच हाताखाली फुलोऱ्याच्या करंज्या तळल्या आहेत. पण त्या रात्री शहरात जी माणसं दगावली त्यांत वयस्कर बायका होत्या. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. इकडे 2005 मध्ये कतरिना नावाचं हरिकेन आलं तेव्हा लुइझियाना राज्यात जी माणसं गेली, त्यांतली जवळजवळ निम्मी पंचाहत्तरीच्या पुढची होती. पाणी वय बघत नाही म्हणतात, पण पाण्यातून वेळेत उठून निघायला लागणारं बळ वयावरच ठरतं. म्हणून तरुण माणसाने पाणी दारात आल्यावर हललं तर चालतं, तुम्ही त्याच्या बरंच आधी हलायला हवं.

इथे राहून मी एक शिकले की वादळाच्या आकड्यावर विसंबायचं नाही. हरिकेनची कॅटेगरी ठरते ती फक्त वाऱ्याच्या वेगावर. पाऊस किती पडेल, समुद्र किती आत येईल, हे त्यात धरलेलंच नसतं. मागच्या जुलैत बेरिल आमच्याकडे आलं ते कॅटेगरी 1 चं, म्हणजे सगळ्यांत खालच्या पायरीचं. लोकांनी मनावर घेतलं नाही. झाडं तारांवर पडली आणि वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींकडे आठवड्याहून जास्त दिवस आली नाही. जुलैचा उकाडा, पंखा नाही, फ्रीज नाही. वारा काही तासांत गेला, आणि त्यानंतरच्या उकाड्यानेही माणसं मेली.

2017 च्या हार्वेचं तर वेगळंच. जमिनीवर आल्यावर त्याचा वारा उतरला, पण ते जागचं हलेना आणि दिवसांमागून दिवस पाऊस पाडत राहिलं. टेक्सासात नेदरलँड नावाच्या गावी 60.58 इंच पावसाची नोंद झाली, म्हणजे दीड हजार मिलिमीटरहून जास्त. आपल्या नागपुरात अख्ख्या वर्षात साधारण हजार-अकराशे पडतो.

आपल्याकडेही असंच होतं, बाबा. हवामान खातं चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे जोरदार म्हणतं, 115.6 पासून अति जोरदार. त्या हिशेबाने शंभर मिलिमीटर हा नुसता जोरदार पाऊस झाला. पण दिवसभर रिमझिमत शंभर पडणं आणि मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत शंभर कोसळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक तुम्ही घरात उभं राहून बघितला आहे. "आत्ता तर यलोच दिसतोय" एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. रात्री विजा थांबेनात, पावसाचा जोर तासभर उतरेना, तर कुठला रंग आहे ते बघत बसू नका, वर जा.

आणि पाऊस थांबला म्हणजे पाणी थांबलं असं नसतं. हार्वेच्या वेळी ह्यूस्टनच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर ही दोन धरणं इतकी भरली की बांध वाचवायला पाणी सोडावं लागलं. ज्यांच्या घरात तोवर थेंब शिरला नव्हता, त्यांच्या घरांत ते आलं. आपल्या डोक्यावर अंबाझरी आहे. तलाव भरून वाहायला लागला की नाग नदीतून ते पाणी सरळ आपल्या बाजूला येतं, आणि ते कधी येईल हे आपल्या अंगणातल्या पावसावरून कळत नाही. म्हणून पाऊस कमी झाला की लगेच खाली उतरायचं नाही. उजाडू द्या, रस्ता दिसू द्या, मग.

इथे एक म्हण झाली आहे, पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून लपा. पण पळायचं म्हणजे गाडी काढून रस्त्यावर जायचं असं नाही. 2005 मध्ये रिटा येणार म्हणून या भागातली लाखो माणसं एकदम निघाली, रस्ते तुंबले, आणि त्या उन्हात, त्या रांगांमध्ये कितीतरी जणांनी जीव गमावला. आपल्याला कुठे लांब जायचंही नाही. आपल्याला गच्ची आहे. इथे उतरत्या छपराच्या घरांत माणसं माळ्यावर अडकतात आणि वरून बाहेर पडायला वाट नसते. आपल्याला फक्त अठरा-वीस पायऱ्या चढायच्या आहेत. बाबा, रात्री पाण्यात स्कूटर बाहेर काढू नका, भाऊ कितीही लांबून "या इकडे" म्हणाला तरी. वाहतं पाणी सहा इंच असलं तरी माणसाला पाडतं, आणि त्याखाली कुठलं झाकण उघडं आहे ते दिसत नाही.

आता वरच्या खोलीचं. तिथली अडगळ काढायला माणूस लावा, पैसे मी पाठवते. जुना कूलर, बाबांची वर्तमानपत्रं, माझी शाळेची वह्या-पुस्तकं, सगळं गेलं तरी चालेल. माझ्यासाठी काही ठेवू नका. दोन खाटा, गाद्या, एक माठ, शेगडी नको. जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा लावून घ्या, म्हणजे बाबांना दोन्ही हातांनी धरून चढता येईल. सगळ्यांत आधी हे काम करा, माझ्या मते बाकी सगळ्याहून ते मोठं आहे.

इन्व्हर्टर जिन्याखाली आहे, तो आणि बॅटरी कमरेच्या वर चढवून घ्या. बाबा जनरेटर घ्यायचं म्हणत होते. घ्यायचाच असेल तर तो घरात नाही, व्हरांड्यात नाही, खिडकीजवळ नाही. भिंतीपासून निदान वीस फूट लांब, उघड्यावर. त्याच्या धुरातल्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. इथे वादळ येऊन गेल्यावर अशा बातम्या आल्या नाहीत असं होतच नाही.

आईचं इन्सुलिन हा माझा सर्वांत मोठा घोर आहे. फ्रीज बंद पडल्यावर, दार उघडलं नाही तर चारेक तास गार राहतो, पुढे नाही. वापरात असलेलं पेन बाहेर किती दिवस चालतं ते डॉक्टरांना विचारून औषधांच्या यादीवर लिहून ठेव. वीज नसेल तेव्हा ओल्या मातीच्या भांड्यात, पाणी न लागेल अशा डबीत ठेवायचं. यादीची एक प्रत वर, एक काकूंकडे, एकीचा फोटो मला. चष्मा, बाबांच्या कानातल्या मशीनचे सेल, टॉर्च, दहा-वीस-पन्नासच्या नोटा (नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत), प्यायचं पाणी, फुटाणे, चिवडा, गूळ-फल्ली. हे सगळं एका पिशवीत, आणि पिशवी पावसाळाभर वरच. घराची इंडेक्स-टू, घरपट्टीची पावती, पेन्शनचं पासबुक, मेडिक्लेम हे प्लास्टिकच्या पाकिटात वर ठेवा आणि प्रत्येकाचा फोटो काढून मला पाठवा.

वर जाताना मेन स्विच बंद करायचा, पण पाय कोरडे असतील तरच. पाणी बोर्डापर्यंत आलं असेल तर त्याला हात लावू नका. मोबाइलवर 112 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे दोन्ही नंबर सेव्ह करा. काकू एकट्या असतात. त्यांनाही अलर्टच्या रात्री आपल्याकडेच बोलवा, जेवायला म्हणून बोलवा म्हणजे त्या संकोचणार नाहीत.

पाणी ओसरल्यावरचं थोडं सांगते, कारण मागच्या वेळी तुम्ही दोघं दुसऱ्याच दिवशी झाडू घेऊन चिखलात उतरलात आणि आई महिनाभर खोकत होती. तो चिखल नुसता मातीचा नसतो, गटाराचं पाणी त्यात मिसळलेलं असतं. गमबूट आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय उतरायचं नाही, पायाला जखम असेल तर उतरायचंच नाही, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात होतो हे आवर्जून सांगायचं. कपाटं सरकवण्याआधी काठीने ठोकून बघायचं, पुरानंतर साप कोरडी जागा शोधत घरात येतात; दिसलाच तर सर्पमित्राला बोलवा. जमिनीखालची टाकी उपसून, ब्लीचिंग पावडरने धुऊन मगच वापरा.

साफसफाईच्या आधी फोटो. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटते तिचा, फ्रीजचा, पलंगाचा, सगळ्याचा. इथे लोक एकही वस्तू हलवायच्या आधी हेच करतात, विम्यासाठी. आपल्याकडे पंचनाम्याला तेच उपयोगी पडतं. फ्रीज, मोटार, कूलर वाळल्यासारखे दिसले तरी वायरमनने तपासल्याशिवाय चालू करायचे नाहीत. पुराचं पाणी लागलेलं धान्य, औषध, मसाले टाकून द्यायचे. आई, डब्याला झाकण घट्ट होतं तरीही. इथली घरं लाकडाची आणि पुठ्ठ्यासारख्या भिंतींची. एक-दोन दिवसांत बुरशी धरते म्हणून लोक भिंतच कापून काढतात आणि घरासमोर रस्त्याच्या कडेला गाद्या, गालिचे, खेळणी यांचे ढीग लागतात. आपल्या विटांच्या भिंती टिकतात, पण वाळायला फार वेळ घेतात. सामान भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि रंगाची घाई करू नका. मागच्या वेळी दिवाळीसाठी दिलेला रंग होळीपर्यंत पोपडे धरून गळला होता.

अल्बमचे फोटो भिजले तर चिकटलेली पानं ओढून काढू नका. स्वच्छ पाण्यात सोडवा आणि सुटे वाळवा. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवले तरी चालतात, नंतर सावकाश सोडवता येतात. तुमच्या लग्नाचे वाचलेले फोटो आईने दोरीवर चिमट्यांनी लावले होते, ते अगदी बरोबर केलं होतंस. ते सगळे मी आले की स्कॅन करते.

आई, पावसाचा आवाज वाढला की तुला अजून झोप लागत नाही, हे बाबांनी मला सांगितलं. मला सांगत जा गं. बेरिलनंतर तुमची नातही वारा सुटला की आमच्या पलंगावर येते. तिला आम्ही तिची छोटी बॅग तिलाच भरायला लावली. त्याने भीती गेली नाही, पण काय करायचं ते तिला माहीत आहे, आणि तेवढ्याने ती झोपते.

यंदा महालक्ष्म्यांचं आवाहन 31 ऑगस्टला आहे. मी आणि नात दोघी येतोय, तिकिटं काढली आहेत. तोवर वरची खोली झाडून-पुसून तयार असली तर या वर्षीपासून त्यांना वरच बसवू. मखर चढवायला मी आहे. अडचणीच्या रात्री त्यांना हलवावं लागलं तर काय करायचं, तेही गुरुजींना आत्ताच विचारून ठेव, म्हणजे तेव्हा तुझ्या मनाला लागणार नाही. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका जिना चढतील. ज्यांना जमणार नाही त्यांच्या ओटीचं मी खाली नेऊन देईन.

कठड्याचं काम कधी सुरू होतंय ते रविवारी फोनवर सांगा.

तुमची लेक

ता. क. बाबा, सुताराला माप देताना कठडा शेवटच्या पायरीच्या पुढे हातभर न्यायला सांगा. वरच्या उंबऱ्यापाशीच तुमचा तोल जातो.