ब्राह्मी म्हणजे कोणती, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत ‘ब्राह्मीचा रस घ्या’, ‘ब्राह्मीचे चूर्ण दुधातून द्या’ असे सल्ले हमखास येतात. कोणती ब्राह्मी, हे मात्र कोणी लिहीत नाही. या एकाच नावाखाली दोन वनस्पती विकल्या जातात. त्यांचे कूळ वेगळे, चव वेगळी आणि मात्राही वेगळी.

भाजीवाल्यांकडे जुडी बांधून मिळते ती बहुतेक वेळा मंडूकपर्णी (सेंटेला एशियाटिका). कोकणात तिला कारिवणा म्हणतात. आपल्या बेळगाव भागात तिचे कन्नड नाव जास्त उपयोगी पडते: ओंदेलग, म्हणजे एकपानी. लांब देठावर एकच पान, आकार मूत्रपिंडासारखा, कडा दातेरी. ही कोथिंबिरीच्या कुळातली, त्यामुळे पान चुरडले की किंचित तसा वास येतो. आयुर्वेदीय औषधिकोशातली ब्राह्मी ही नव्हे. ती नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी (बाकोपा मोनिएरी). तिची पाने घोळीसारखी मांसल, जेमतेम एक-दीड सेंटीमीटरची, बिनदेठाची, खोडावर समोरासमोर येतात. फूल पांढरे किंवा फिकट जांभळे. चव कडूजहर.

चरकाने मेध्य (बुद्धिवर्धक) रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस सांगितला आणि अपस्मारात (फेफऱ्यात) ब्राह्मीघृत. सुश्रुतानेही दोघींचे प्रयोग वेगवेगळे दिले. पुढे भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात दोघींचे गुण एकत्र आले आणि एकीचे नाव दुसरीला सर्रास लागू लागले. केरळात ब्राह्मी म्हटले की नीरब्राह्मीच मिळते, आपल्याकडे मंडूकपर्णी.

खरी अडचण मात्रेची आहे. औषधिकोशाप्रमाणे मंडूकपर्णीचे चूर्ण दिवसाला ३ ते ६ ग्रॅम, तर ब्राह्मीचे, म्हणजे नीरब्राह्मीचे, १ ते ३ ग्रॅम. मंडूकपर्णीची मात्रा वाचून नीरब्राह्मीचे चूर्ण घेतले, तर ते दुप्पट-तिप्पट पोटात जाते. मग मळमळ, पोटात मुरडा, जुलाब. लोक ‘औषध सोसले नाही’ म्हणून सोडून देतात. चूक नावात होती, हे लक्षातच येत नाही. उलट अदलाबदल झाली तर मात्रा अपुरी पडते आणि गुण येत नाही. दळल्यावर दोन्ही चूर्णे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून शक्यतो अख्खी वाळलेली वनस्पती घ्यावी. चुरगळलेली पाने आणि लांब देठ दिसले तर मंडूकपर्णी. पेरापेराला मुळे फुटलेले मऊ खोड आणि बारीक पाने दिसली तर नीरब्राह्मी. डबाबंद चूर्ण घेताना वेष्टनावरचे वनस्पतिशास्त्रीय नाव वाचावे.

स्वयंपाकात जाते ती ओंदेलगच. तंबुळीसाठी मूठभर पाने, पाव चमचा जिरे, चार मिरे आणि दोन चमचे ओले खोबरे बारीक वाटून वाटीभर ताकात कालवायचे, मीठ घालायचे, उकळायचे नाही. नीरब्राह्मीची अशी तंबुळी कडूपणामुळे घशाखाली उतरणार नाही. पाने कच्चीच पोटात जातात, म्हणून मुळे चिखलासकट छाटून ती तीन पाण्यांतून धुवावीत. दोन्ही वनस्पती ओलीवर वाढतात आणि पाण्यातले जड धातू शोषून घेतात. खानापूर-जांबोटीकडच्या शेताच्या बांधावरची स्वच्छ पाने आणि शहरातल्या गटाराकाठची पाने दिसायला सारखीच. गटाराकाठची मुळीच घेऊ नयेत. रोपवाटिकेत ‘ब्राह्मी’ म्हणून कुंडीत देतात त्या रोपाचे पान गोल असून देठ बरोबर मधोमध छत्रीच्या दांड्यासारखा जोडलेला असेल, तर ते शोभेचे झाड आहे. ते या दोन्हींपैकी नव्हे, खायला वापरू नये.

पुरवणीत यापुढे ब्राह्मीची कृती देताना मराठी नावाशेजारी कन्नड नाव, वनस्पतिशास्त्रीय नाव आणि पानाचे स्पष्ट छायाचित्र द्यावे. मात्रा कोणत्या वनस्पतीची आणि ओल्या रसाची की कोरड्या चूर्णाची, तेही लिहावे. गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण, तसेच थायरॉईडची किंवा झोपेची औषधे घेणारे यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय दोन्हींपैकी काहीही सुरू करू नये, ही सूचना त्याच चौकटीत यावी.

आपला,
एक वाचक, बेळगाव