पाडव्याच्या रात्री गेलीस म्हणून

कोल्हापूर
भाऊबीजेनंतरचा पाचवा दिवस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोन केला की 'आई, एडिटवर बसलेय, नंतर करते' म्हणतेस आणि तो नंतर काही येत नाही. म्हणून कागद घेतला. भांडणाबद्दल लिहायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे. डोळ्यांचंही एकदाच विचारते आणि सोडून देते. डॉक्टरांकडे जाऊन आलीस का?

दादाचं पाकीट देवघरात तसंच आहे. तो काही बोलला नाही. वहिनी तेवढी म्हणाली, 'पाट मांडून ठेवला होता हो मी.' सणासुदीच्या गर्दीत रिझर्व्हेशन नसताना महालक्ष्मी एक्स्प्रेसला चढलीस. बसायला तरी मिळालं का, तेही कळवलं नाहीस.

आणि कशावरून, तर सिनेमावाल्या व्ही. शांतारामबापूंवरून! आपल्या घरात वाड्याच्या वाटणीवरून भांडणं झाली, आत्याच्या पाटल्यांवरून झाली. पण १९९० साली गेलेल्या माणसातली धग कोणत्या साली विझली, यावरून बाबांशी भांडून भरल्या ताटावरून उठलेली तू पहिलीच.

खरं सांगू? तुझं निम्मं मला पटतं. हे बाबांना सांगू नकोस. बापूंचा 'कुंकू' मला तूच दाखवलास, मे महिन्यात गच्चीवर, लॅपटॉप उशीवर ठेवून. त्यात पार्श्वसंगीत नाही, हे तू सांगेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. सगळे आवाज घरातले, आणि ते घड्याळ. १९३७ साली! त्या रात्री आपल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला झोपू देईना. ज्याला एवढ्यावर भागवता आलं, त्याला पुढे एवढी कारंजी आणि एवढे घुंगरू का लागले, हा तुझा प्रश्न खोटा नाही. त्यांचा 'जल बिन मछली' बघताना मीही डुलक्याच काढल्या.

पण 'दो आँखें बारह हाथ' झाला, १९५७ साल संपलं आणि बापूही संपले, असं तू पापड मोडावा तसं मोडलंस, ते मला टोचलं. त्याच सिनेमात बैलाशी झुंजताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली होती. काही काळ दिसेनासं झालं, पट्ट्या बांधून पडून राहावं लागलं. त्या अंधारात जे रंग दिसले त्यातून 'नवरंग' आला, १९५९ ला. तू त्याला साड्यांचं दुकान म्हणालीस. असेलही. पण दिसायचं बंद होता होता वाचलेल्या माणसानं दोन रंग जास्तीचे वापरले, तर त्याला लगेच संपला म्हणायचं का गं?

आणि तू स्वतः काय करतेस? बंद खोलीत दिवे मालवून रात्री तीन-तीनपर्यंत त्या स्क्रीनसमोर. उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात, कडेला मधूनच वीज चमकल्यासारखं होतं, असं वहिनीला सांगत होतीस. मी पलीकडे चकल्या तळत होते, बहिरी झालेले नाही. आत्याचं असंच सुरू झालं होतं. उद्या जाते, परवा जाते करत आठ दिवस घालवले आणि डोळ्याच्या आतला पडदा सरकला. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून येऊ नकोस. बाहुली मोठी करायचे थेंब घालून आतला पडदा बघतात, तसं बघून घे. दोन-तीन तास जातात, नंतर धूसर दिसतं, म्हणून एकटी जाऊ नकोस. आणि दिग्दर्शकाला सरळ सांग की आज येत नाही. एक दिवस नसलीस तर सिनेमा अडत नाही. तुला सगळं आपल्याच अंगावर घ्यायची खोड आहे, शाळेपासून...

झालं, सुरू झाले. माफ कर. एकदाच विचारणार होते.

बापूंचा 'पिंजरा' आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. तमाशाचा सिनेमा म्हणून आजी सोडेना, मामानं चोरून नेलं. गाणी आवडली, बाकी काही कळलं नाही. आता कळतं. गावात मास्तरांचा पुतळा उभा, लोक त्याला हार घालतात, आणि खरे मास्तर तमाशाच्या फडात तुणतुणं धरून उभे. सत्तरीच्या माणसानं हे पडद्यावर आणलं. तू म्हणालीस, त्यातलं चांगलं ते लागूंच्या कामाचं, राम कदमांच्या संगीताचं आणि खेबुडकरांच्या गाण्यांचं. गोष्टसुद्धा जर्मन सिनेमावरनं. मान्य. तरी आपलाच पुतळा बघणाऱ्या माणसाकडे कॅमेरा लावताना बापूंच्या मनात काय आलं असेल, हे तुझ्या मनात कसं आलं नाही? तू तर दिवसभर दुसऱ्याच्या शॉटकडे बघत बसतेस.

आता जे सांगते ते बाबांनी तुला कधीच सांगितलं नसेल. १९८७ ला 'झंझार' आला. बापूंचा शेवटचा. नवीन लग्न झालेलं, दादा पोटात होता. बाबा पाट्या रंगवायचं दुकान बंद करून मला पहिल्या आठवड्यात घेऊन गेले. थिएटरात माणसं तुरळक. मध्यंतरात काही उठून गेली. बाबा दिवे लागेपर्यंत हलले नाहीत. घरापर्यंत चालत आलो, एक शब्द नाही. पिठलं-भात वाढला, तो कालवत बसले आणि म्हणाले, 'फ्रेम मात्र धरलीय हं.' त्यानंतर आजतागायत त्या सिनेमाचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. तू पाडव्याला जे ओरडून सांगितलंस, ते त्यांना तेव्हापासून ठाऊक आहे.

दुकानात बापूंचे गुरू बाबूराव पेंटर यांचा फोटो होता, आठवतो? १९२९ ला शांतारामबापू, दामले, फत्तेलाल, धायबर त्यांची कंपनी सोडून बाहेर पडले आणि 'प्रभात' ही स्वतःची फिल्म कंपनी काढली. बाबूरावांना तेव्हा कोणी संपला म्हटलंच नसेल, असं थोडंच आहे! बाबा त्या फोटोला रोज उदबत्ती लावायचे आणि वर बापूंचीही बाजू घ्यायचे. मला ते कधी जुळलं नाही.

तू कापणारी. तुला कापायला एक नेमकी जागा लागते. पण बाबांचं काम कुठल्या साली संपलं, ते मलाही सांगता येणार नाही. फ्लेक्स आला तेव्हा? दुकानाचा गाळा सोडला तेव्हा? यंदा गणपतीत मंडळाच्या पोरांनी हौसेनं त्यांच्याकडून पाटी लिहून घेतली. अक्षरं हलली होती. पोरं चांगली, काही बोलली नाहीत, पाटी मंडपाच्या मागच्या बाजूला लावली. बाबांनी जाऊन बघितलं आणि परत आले. उजवा हात थरथरतो त्यांचा. जेवताना डाव्या हातानं मनगट धरतात, तुझ्या लक्षात आलं नसेल. वाटी आपटली नव्हती मनू, सुटली होती.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. खाडाखोड करत नाही.

तुझ्या त्या सिरीजमध्ये शेवटी नावं येतात ना, तिथं दादाकडून टीव्ही थांबवून घेतला त्यांनी. चष्मा वर करून, अगदी जवळ जाऊन तुझं नाव बघितलं. मला म्हणाले, 'अक्षर बारीक घेतलंय, पण अंतर बरोबर सोडलंय.' मग शेजारच्या काकांना बोलावून पुन्हा लावायला लावलं. मला वाटलं होतं, तुला फोन करतील. नाही केला.

चकल्यांचा डबा आणि दादाचं पाकीट कुरियरनं पाठवते आहे. चकल्या दोन दिवसांत संपव, मऊ पडतील. आणि डॉक्टरांनी काय सांगितलं, त्या कागदाचा फोटो वहिनीच्या फोनवर टाक. मला टाकलास तर मी परत काहीतरी विचारीन.

पार्सलवरचा पत्ता बाबांनी ब्रशनं लिहिलाय. पेन देत होते तर नको म्हणाले. सकाळचा तास गेला त्यात. 'गोरेगाव'मधला दुसरा ग जरा वाकडा आलाय.

तुझी,
आई