पडदेवाल्या मामांचा फोटो

कोल्हापूर, रविवार दुपार

प्रिय बापू,

सात महिने ना पत्र, ना फोन. रागावला असशील तर खुशाल रागाव, पण आधी हे वाच: पडदेवाल्या मामांचा फोटो सापडला.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा तुझा फोन आला होता. मी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभा होतो. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती, आणि शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 सालापासून उभं असलेलं ते नाट्यगृह डोळ्यांदेखत जात होतं. तू एकच विचारलंस, "आपले फोटो आहेत न्हवं?" मी म्हणालो, "आहेत की." बापू, ते खोटं होतं. आहेत की नाहीत, हेच मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर तुझा फोन आला की हात पुढे व्हायचा नाही. गप्प राहण्याचं कारण तेवढंच.

आईचा गुडघा आता बरा आहे, माझी साखर ताब्यात आहे. पुढे.

2011 मध्ये नाट्यगृहात आपण काढलेले ते सगळे फोटो पिकासात, म्हणजे गूगलच्या त्या फोटो लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये होते, आठवतं ना? अल्बम लावलेले, कापून सरळ केलेले. 2014 मध्ये कॉम्प्युटर फॉरमॅट करताना मी फक्त फोटो उचलले आणि बाकी सोडून दिलं. पिकासा कापाकापी मूळ फोटोत करतच नव्हतं, त्याच फोल्डरात एका लपलेल्या फाइलीत नोंदवून ठेवायचं. ती फाइल मी मागं ठेवली. अल्बम गेले, दुरुस्त्या गेल्या. 2016 मध्ये पिकासाही बंद झालं. माझ्याकडे उरले 41 हजार फोटो, आणि फोल्डरांची नावं 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर 2', 'आक्काचं लग्न आणि इतर'.

आता नाटकवाली जुनी मंडळी आतले फोटो मागतायत. रंगमंच, विंगा, वरच्या लाकडी कामाचे. म्हणून गेले तीन महिने मी एकाच प्रश्नावर अडलोय: सोपं सॉफ्टवेअर घ्यायचं की धंदेवाल्यांचं?

हिचं म्हणणं, गूगल फोटोजवर टाका आणि मोकळे व्हा. चेहरे ओळखतं, 'समुद्र' म्हटलं की समुद्र दाखवतं. खरंय, मीही वापरतो. पण फुकटची जागा 15 जीबी, त्यातच मेल आणि ड्राइव्ह. आणि त्याला चेहरा कळतो, त्या माणसाचं पडद्याच्या दोरीशी काय नातं होतं ते नाही कळत.

भाचा लग्नाचे फोटो काढतो. त्याला लाइटरूमशिवाय काही दिसत नाही, ते धंदेवाल्यांचं सॉफ्टवेअर. दर महिन्याला पैसे भरायचे. बंद केले तर फोटो बघता येतात, पण एडिटिंगचा भाग कुलूपबंद. चाचणीच्या सात दिवसांत मी त्यात चाळीस फोटोंना नावं लिहिली. हौसेनं ते फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेले तर सगळं कोरं! लाइटरूम लिहिलेलं आधी आपल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या नोंदवहीत ठेवतं. ते फोटोच्या फाइलीत उतरवायचं असेल तर तशी खूण सेटिंगमध्ये करावी लागते, नाहीतर निवडून कंट्रोल-एस दाबावं लागतं. मी केलं नव्हतं. काम मात्र त्यात सुरेख होतं. विंगेतला काळोख जरा वर ओढला तर मागची दोरखंडं दिसायला लागली. जरा म्हणजे जराच, कारण पुढं नुसते ठिपके.

इथं तुझं ते भांडण आलंच. तू म्हणत होतास रॉमध्ये काढ, म्हणजे कॅमेऱ्याला दिसलं ते सगळं कच्चं राहतं, मी म्हणत होतो 4 जीबीच्या कार्डात किती मावणार, आटोपशीर जेपेगच काढू. त्यावरून आपण रंकाळ्यावर भेळ अर्धी टाकून दोन दिशांना गेलो आणि पंधरा दिवस बोललो नाही. बापू, तुझं बरोबर होतं. जेपेगमध्ये एका रंगाच्या काळोखापासून उजेडापर्यंत 256 पायऱ्या, आपल्या कॅमेऱ्याच्या रॉमध्ये 4,096 मिळाल्या असत्या. त्या काळोखात वरचं लाकूड होतं. ते आता कुठल्याच सॉफ्टवेअरला वर काढता येणार नाही. त्या अर्ध्या भेळेचे पैसे मात्र तू अजून दिलेले नाहीस.

शेवटी डिजिकॅम हे फोटो लावायचं-शोधायचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे, मुक्त आहे, पण पहिल्यांदा उघडलं की छातीत धडकी भरावी इतकी बटणं. दोन रात्री त्यानं 41 हजार फोटो वाचले. तिसऱ्या रात्री शोधच्या चौकोनात सहज 'भोसले' टाकलं, इंग्रजी अक्षरांत. चौदा फोटो आले! मग मधला 'ए' काढून टाकलं, तर आणखी नऊ. तू एकाच रात्रीत एकच नाव दोन तऱ्हांनी लिहिलं होतंस, भावा! पिकासाचे अल्बम गेले, पण तू फोटोंखाली टंकलेल्या ओळी जेपेगच्या पोटात तशाच राहिल्या होत्या. मी तेव्हा चिडत होतो, "झोप की आता, कशाला लिहीत बसलाईस?" म्हणून.

नववा फोटो मामांचा. डाव्या विंगेत उभे, दोरी मनगटाला एक वेढा देऊन धरलेली, बंडीचं वरचं बटण तुटलेलं, नजर नटांकडे नाही, प्रेक्षकांकडे. खाली तुझी ओळ: "पडदेवाले मामा, भोसले नाट्यगृह. नाव विचारायचं राहिलं." मी बराच वेळ स्क्रीनपुढून उठलो नाही.

म्हणून ठरवतोय की लावणं-शोधणं डिजिकॅममध्ये, आणि निवडक तेवीस फोटोंपुरतं लाइटरूम भाड्यानं. भाचा म्हणतो दोन घोड्यांवर बसू नका. तुला काय वाटतं ते स्पष्ट लिही, मला तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं पटणार नाही.

पोरीची बारावी कशी गेली? बडोद्याचं घर घेतलं की अजून भाड्यातच? वहिनींना नमस्कार.

सोबत पेनड्राइव्ह पाठवतोय. त्यात सहाशे फोटो आहेत, ज्यांतली माणसं मला ओळखू येत नाहीत आणि तुला येतील. डिजिकॅम तूही टाकून घे आणि ओळी लिही. आणि मामांचं नाव गंगावेशीतल्या त्या चहावाल्याला ठाऊक असेल असं मला सारखं वाटतंय. उद्या सकाळी फोटो घेऊन जातो. कळलं की रात्री फोन करतो, उचल.

तुझा,
अण्णा