टोपी शोभते, पण 'चोर' कोण ते विचार

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या बफेलोहून पाठवलेला फोटो मिळाला. टोपी शोभते तुला. बाबांनी तो लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली 'आमचा काउबॉय'. पण सोबत तू लिहिलंस, "इथे गुरं चोरणाऱ्यांना मालकांनी धडा शिकवायला फौज आणली होती", त्यावर मला गप्प बसवेना. सगळी नोकरी भूमी अभिलेखात गेली माझी. नोंदवही ज्याच्या हातात, त्याच्या मर्जीनं चोर ठरतो, हे मला कुणी शिकवायला नको.

तुझ्या टोपीतला काउबॉय म्हणजे साधा पगारी गडी. महिना तीस-चाळीस डॉलर, बहुधा घोडा मालकाचा, खोगीर तेवढं स्वतःचं. त्यांत काळे होते, मेक्सिकन होते, आणि ही विद्या मुळात मेक्सिकोकडूनच आलेली. गुरं चरायची ती सरकारी माळावर, कुंपण नाही. आपल्या गायरानासारखंच, फक्त विचारायला गावकी नाही. गाय कुणाची हे कातड्यावरच्या डागावरून कळायचं. वसंतात सगळी गुरं एकत्र हाकायची, वासरू ज्या गाईच्या मागे लागेल तिच्या मालकाचा डाग त्याला द्यायचा. उरायची ती आईविना, बिनडागाची वासरं. ज्याला सापडेल तो आपला डाग देई, आणि एखादा गडी अशाच चार वासरांवर स्वतःचा संसार उभा करी.

१८८४ मध्ये वायोमिंगात कायदा झाला: असली वासरं वायोमिंग स्टॉक ग्रोअर्स असोसिएशनची. ही संघटना गुरांच्या बड्या मालकांची, राजधानी शायेनच्या क्लबात बसणाऱ्यांची. वर ज्या गड्याचा स्वतःचा डाग असेल त्याला काळ्या यादीत टाकून काम बंद. कालचा रिवाज आज गुन्हा झाला! चोऱ्या होतच नव्हत्या असं नाही हं. तापवलेल्या सळईनं जुना डाग फिरवून नवा करणारे होतेच. पण यादीत नाव यायला तेवढी चोरी करावी लागत नव्हती.

आता जमीन. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर मिळायचे, पाच वर्षं राहून कसले तर. त्या कोरड्या मुलखात १६० एकरांवर कळप पोसत नाही. ओढा मात्र १६० एकरांत मावतो, आणि ओढा ज्याचा, भोवतालचा मैलोन्‌मैल चारा त्याचा. नवे लोक नेमके ओढ्याकाठीच बसले, काटेरी तार ओढून. त्यात १८८६-८७ च्या हिवाळ्यात गुरं ढिगानं मेली, बऱ्याच कंपन्या बुडाल्या. माळावर पेलेल त्याहून जास्त गुरं सोडली होती, हे कोण कबूल करणार?

एला वॉटसनचं प्रकरण तर मी दोनदा वाचलं. स्वीटवॉटरच्या खोऱ्यात तिनं रीतसर दावा नोंदवलेला, लाकडी घर, तारेचं कुंपण. डागासाठी अर्ज केला, नामंजूर झाला, तर दुसऱ्याचा नोंदलेला डाग विकत घेतला. कागद म्हणून आणखी काय करायचं बाईनं? शेजारचा अल्बर्ट बॉथवेल तिथला गवताळ पट्टा आपलाच समजत होता. २० जुलै १८८९ ला त्याच्यासकट सहा मालकांनी तिला आणि जिम अ‍ॅव्हरेलला नेऊन झाडाला फाशी दिलं. अ‍ॅव्हरेलनं बड्या जमीनवाल्यांविरुद्ध वर्तमानपत्रात लिहिलं होतं. मग शायेनच्या वर्तमानपत्रांनी तिला 'कॅटल केट' करून टाकलं, चोर आणि वर वेश्या. मुख्य साक्षीदार गायब झाला, शिक्षा कुणालाच नाही.

तुझी ती फौज १८९२ ची. ५ एप्रिलला शायेनहून खास रेल्वे निघाली, पन्नासेक माणसं, निम्मी टेक्ससहून भाड्यानं आणलेली, खिशात मारायच्या नावांची यादी. टेलिग्राफच्या तारा कापल्या. ९ तारखेला केसी रँचवर यादीतल्या निक रे आणि नेट चॅम्पियनला घेरलं. निक गेल्यावर चॅम्पियन एकटाच दिवसभर लढला आणि गोळीबार थांबला की छोट्या वहीत लिहीत राहिला: निकचं काय झालं, बाहेर काय हालचाल दिसते. शेवटी वाटेत पकडलेल्या गाडीत गवत भरून, पेटवून ती घरावर ढकलली. तो बाहेर पळाला आणि पडला. बातमी पसरताच बफेलोकडचे दोनशेवर लोक शेरीफसोबत निघाले आणि त्यांनी या फौजेलाच टीए रँचवर कोंडलं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष हॅरिसनना तार गेली, १३ तारखेला घोडदळ आलं आणि मारेकऱ्यांना सुखरूप घेऊन गेलं. कोठडीचा खर्च मात्र जॉन्सन काउंटीच्या, म्हणजे बफेलोच्या जिल्ह्याच्या, माथी, तिला तो झेपेना. साक्षीदार राज्याबाहेर पाठवले गेले, आणि जानेवारी १८९३ मध्ये खटला रद्द झाला.

आणि बडे मालक काय, नवे लोक काय, या दोघांच्याही आधीचा फेरफार बघ. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात बफेलोकडचा पावडर नदीचा तो मुलूख तिथल्या मूळ रहिवासी लाकोटांकडे ठेवला होता. १८७६-७७ च्या युद्धानंतर तो काढून घेतला, आणि मग गुरं आली. 'माझं कुरण' म्हणणाऱ्या बॉथवेलसारख्यांची वहिवाट ती किती जुनी!

टीए रँचच्या कोठारात गोळ्यांची भोकं अजून आहेत म्हणे. जाऊन ये, पण मालकाला विचारून आत शिर. आणि पुढचा फोटो टोपीचा नको, तिथल्या कुंपणाचा पाठव. तार किती पदरी आहे आणि खांब लाकडी की लोखंडी, ते नीट दिसू दे.

तुझी,
आई